महिन्याच्या यादीतला नवा रकाना : प्रकल्प नोंदी

२१ जुलै

ठरलं एकदाचं. आमच्या नाशिकमधल्या इंदिरानगरच्या खरेदी गटाने महिन्याच्या यादीत नवा रकाना घालायचा : ‘प्राण्यांवर चाचणी – हो / नाही / उत्तर नाही’. डाळ-तांदळापुढे तो कोराच राहणार. साबण, पेस्ट, शाम्पू, केसांचं तेल, काजळ, भांड्यांची वडी, कपड्यांची पावडर, फरशीचं लिक्विड, डासांचं रिफिल, एवढ्यांपुरता तो आहे. गटात वीस-बावीस घरं. माल रविवार कारंज्याच्या घाऊक दुकानातून येतो, वाटणी सोसायटीच्या पार्किंगमध्ये होते. यादीत एक ओळ बदलली की तेवढ्या घरांच्या बाथरूममध्ये ती बदलते, म्हणून हा खटाटोप.

कल्पना बी विंगच्या जैन काकांची. त्यांना सरसकट नियम हवा होता, ‘हिंसेचा माल नको’ असा. मी म्हटलं, काका, दुकानात पुडा हातात घेतल्यावर हो की नाही ते सांगता आलं पाहिजे, नाहीतर नियम फक्त वहीत राहील. यावर बरीच खडाजंगी झाली. शेवटी नोंदी ठेवायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण हिशेबाची वही माझ्याकडे असते.

२७ जुलै

यादी पाहून घाऊक दुकानाच्या शेठजींनी पहिलाच प्रश्न नेमका विचारला. “ताई, हे तर सरकारने बंद केलंय ना?”

केलंय. मे २०१४ मध्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत १४८-सी हा नियम आला : सौंदर्यप्रसाधनाच्या चाचणीसाठी कोणीही प्राणी वापरायचा नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून, बाहेर प्राण्यांवर तपासलेली प्रसाधनं देशात आणायलाही बंदी आली. आदल्या वर्षीच भारतीय मानक ब्यूरोने आपल्या मानकातून या चाचण्या काढून टाकल्या होत्या. युरोपीय संघाने विक्रीवर पूर्ण बंदी घातली ती मार्च २०१३ मध्ये. म्हणजे या बाबतीत आपण फार मागे नव्हतो.

पण हा नियम फक्त सौंदर्यप्रसाधनांपुरता आहे. शाम्पू, पेस्ट, पावडर, लिपस्टिक त्यात येतात. फरशीचं लिक्विड येत नाही, भांड्यांची वडी येत नाही. डासांचं रिफिल तर कीटकनाशकात मोडतं, त्याचं खातंच वेगळं. आमच्या यादीतल्या दोन तेलांच्या बाटल्यांवर बारीक अक्षरात ‘आयुर्वेदिक प्रोप्रायटरी मेडिसिन’ असं छापलेलं सापडलं. लावायचं डोक्यालाच, पण कागदोपत्री ते औषध. बाटली दुकानात शाम्पूशेजारी मांडली म्हणून ती प्रसाधन ठरत नाही.

शिवाय तीच कंपनी दुसऱ्या देशात, दुसऱ्या बाटलीसाठी काय करते ते आपल्या बाटलीवर लिहिलेलं नसतं. चीनने आयात होणाऱ्या साध्या प्रसाधनांवरची प्राणी-चाचणीची सक्ती १ मे २०२१ पासून काही अटींवर सैल केली. केसांचा रंग, सनस्क्रीन, गोरेपणाची क्रीम अशा ‘विशेष’ गटातल्या मालाला ती सवलत नाही. त्या बाजारात असा माल विकायचा तर चाचणीतल्या सशाला सोडवणं अवघड.

शेठजी म्हणाले, “मला पुड्यावर काय बघायचं तेवढं सांगा.” रास्त आहे.

४ ऑगस्ट

गंगापूर धरणातून पाणी सोडलंय. गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं म्हणे, सराफ बाजाराकडच्या दुकानदारांनी माल माळ्यावर चढवलाय. रविवार कारंज्याची फेरी रद्द. वाटणी पुढच्या रविवारी.

११ ऑगस्ट

वाटणीच्या आधी सगळे नग टेबलावर ओळीने मांडले आणि भिंग घेऊन बसलो. भिंग जोशी काकूंचं, पंचांग बघायचं.

हिरव्या ठिपक्याने पहिला घोळ घातला. साबणाच्या वेष्टनावर, पेस्टच्या खोक्यावर हिरवा ठिपका दिसला की निम्म्या बायका म्हणाल्या, “हे चालतं, हिरवं आहे.” हिरवा ठिपका सांगतो तो आतल्या मालाबद्दल. त्यात मांसाहारी मूळचा घटक नाही, एवढंच. तो माल कोणाच्या डोळ्यात घालून पाहिला, याबद्दल ठिपका गप्प असतो.

उलटंही असतं. पार्लरवाल्या वहिनींनी आपली महागडी लिपस्टिक आणली होती. त्यावर सशाचं चिन्ह, म्हणजे प्राण्यांवर चाचणी नाही अशी खूण, अगदी खरं, नोंदणीचं. घटकांच्या यादीत मात्र सीआय ७५४७० असा आकडा. हा कार्माइन, म्हणजे कोचिनील नावाच्या किड्यापासून काढलेला लाल रंग. ससा सुटला, किडा अडकला. लिप बामात मधमाश्यांचं मेण, हातांच्या क्रीममध्ये लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीवरचा चिकट मेणासारखा थर. जैन काकांना हे ऐकून जास्त धक्का बसला. त्यांना वाटत होतं की एक चिन्ह बघितलं की काम झालं. आंघोळीच्या साबणावर ‘सोडियम पामेट’ असेल तर ते पामतेलाचं, ‘सोडियम टॅलोएट’ असेल तर चरबीचं. एवढं एक पाठ केलं तर साबणापुरतं भागतं.

आणि मग तो फेसवॉश. ट्यूबच्या मागे, बारकोडच्या वर, दोन पानांच्या मध्ये बसलेला एक ससा. एक कान वाकडा, त्याच्याखाली वळणदार अक्षरात ‘प्राण्यांवर प्रेम’. छान काढलाय. पण कोणाचाच नाही तो. कंपनीच्या चित्रकाराने काढलेला. नुसता ससा कोणीही छापू शकतं.

ज्यांच्यामागे कोणीतरी उभं आहे असे ससे आम्ही दोन धरले. एक लीपिंग बनीचा, उडी मारणारा. १९९६ साली काही प्राणीसंस्थांनी एकत्र येऊन ही योजना काढली. यात कंपनीला एक तारीख ठरवावी लागते, त्या तारखेनंतर ना तिने ना तिला कच्चा माल देणाऱ्याने चाचणी करायची, आणि बाहेरच्या माणसाकडून तपासणी होऊ द्यायची. दुसरा पेटा या प्राणीसंस्थेचा. तिथे कंपनी लेखी हमी देते. माझं मत विचाराल तर पहिला जास्त भरवशाचा, कारण तिथे कोणीतरी जाऊन कागद बघतं. पण भारतातल्या लहान उत्पादकांना तपासणीचा खर्च झेपत नाही, त्यामुळे ससा नाही म्हणजे दोषी असंही धरायचं नाही. पुण्याची ब्यूटी विदाउट क्रुएल्टी ही संस्था १९७४ पासून या विषयात आहे, तिचं साहित्यही चाळायचं ठरलं.

भिंग परत दिलं.

२० ऑगस्ट

पत्राचा मसुदा झाला. वेष्टनावर ग्राहक तक्रारीसाठी नाव, पत्ता, फोन, ईमेल छापणं वैधमापन, म्हणजे वजन-मापांच्या नियमांनुसार बंधनकारक आहे, तेव्हा कोणाला लिहायचं हा प्रश्न नाही. काय विचारायचं हा होता.

पहिल्या मसुद्यात जैन काकांनी ‘आपण प्राण्यांवर चाचणी करता का?’ एवढंच लिहिलं होतं. याला ‘नाही’ म्हणायला काहीच लागत नाही, कारण बाटलीत भरलेल्या तयार मालाची चाचणी फारसं कोणी स्वतः करतच नाही. म्हणून विचारायचं ते असं : तयार मालाची नव्हे, घटकांची चाचणी कधी झाली का? तुम्ही नाही तर तुमच्यासाठी दुसऱ्या कोणी केली का, कच्चा माल देणाऱ्याने, बाहेरच्या प्रयोगशाळेने? कोणत्या तारखेपासून बंद? आणि जिथे तिथला कायदा चाचणी मागतो अशा देशात तुम्ही माल विकता का? एवढंच विचारायचं, त्यात उपदेश नको. काकांना शेवटी सुभाषित टाकायचं होतं. गटाने मतदानाने ते काढलं.

८ सप्टेंबर

उत्तरं यायला लागली. या नोंदींत कोणत्याही कंपनीचं नाव लिहायचं नाही असं ठरवलं आहे, नाहीतर वहीचं भांडण होईल. पण नमुने नोंदवण्यासारखे आहेत.

एका मोठ्या कंपनीचं उत्तर दुसऱ्या दिवशीच आलं, दोन पानी, आमच्या संवेदनशीलतेचं कौतुक करणारं. आम्ही विचारलेल्या एकाही प्रश्नाला त्यात हात लावलेला नव्हता. दुसरीने लिहिलं, आम्ही प्राण्यांवर चाचणी करत नाही, ‘कायद्याने आवश्यक असेल ते वगळून’. हे शेपूट फार ठिकाणी भेटलं. ते वाचता आलं पाहिजे. कुठेतरी, कोणत्यातरी मालासाठी, चाचणीला दार उघडं आहे एवढाच त्याचा अर्थ. आपल्या हातातल्या बाटलीसाठी ती झाली असं नाही. आम्ही अशा मालापुढे ‘हो’ही लिहिलं नाही आणि ‘नाही’ही. वहीत तिथे ‘शेपूट’ लिहिलंय, सगळ्यांना कळतं.

सर्वांत चांगलं उत्तर आलं ते सातपूर एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्याकडून, जो फरशीचं लिक्विड आणि हँडवॉश बनवतो. पत्र नव्हतंच, मालकांनी फोन केला. म्हणाले, “ताई, आम्ही काय चाचणी करणार? आम्ही पाच-सहा रसायनं ड्रममध्ये आणतो, ढवळतो, भरतो. ती रसायनं कधीकाळी कोणीतरी उंदरांवर तपासली असतीलच. तुम्ही ‘कधीच नाही’ असं लिहून मागू नका, मी खोटं लिहिणार नाही.”

आजवरच्या सगळ्या पत्रव्यवहारात मला हेच उत्तर खरं वाटलं. बाजारातल्या जवळपास प्रत्येक जुन्या घटकामागे कधीतरी झालेली चाचणी आहेच. म्हणूनच तारखेचा प्रश्न महत्त्वाचा. जे झालं ते परत फिरवता येत नाही, यापुढे नवीन होऊ नये एवढंच आपण पैशाने सांगू शकतो. आम्ही त्यांचं हँडवॉश यादीत घेतलं. फरशीच्या लिक्विडला वास फार, ते नको म्हणाले सगळे.

१५ सप्टेंबर

माझी भाची इथेच बी.फार्म करते. तिला पार्किंगमध्ये बसवून प्रश्न विचारले. तिच्या पिढीला हे सगळं आमच्यापेक्षा सोपं गेलंय. बी.फार्मच्या अभ्यासक्रमातच लिहिलं आहे की प्राण्यांवरचे प्रयोग सॉफ्टवेअर आणि व्हिडिओवर दाखवायचे. आमच्यातल्या बीएस्सी झालेल्या काकूंनी बेडूक फाडले होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्रातलं विच्छेदन २०१४ मध्ये थांबवलं.

कोणीतरी विचारलं, पण सशाला करतात तरी काय? भाचीने न सजवता सांगितलं. जॉन ड्रेझ नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९४४ मध्ये ही पद्धत मांडली. पांढऱ्या सशाची एका डोळ्याची खालची पापणी ओढायची, जी खोळ होते तिच्यात ०.१ मिलिलिटर द्रव सोडायचा, पापणी क्षणभर मिटून धरायची. दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवायचा. मग एक तासाने, २४, ४८ आणि ७२ तासांनी बघायचं : बुबुळ किती धुरकटलं, लाली किती, सूज किती, आणि प्रत्येकाला गुण द्यायचे. गरज वाटली तर २१ दिवसांपर्यंत. “गुण?” जोशी काकूंनी विचारलं. हो, तक्ता असतो, परीक्षेसारखा.

१९८० मध्ये हेन्री स्पायरा या प्राणीहक्क कार्यकर्त्याने याच चाचणीवरून रेव्हलॉन या प्रसाधन कंपनीविरुद्ध न्यूयॉर्क टाइम्समध्ये पानभर जाहिरात दिली. त्यानंतर त्या कंपनीने पर्याय शोधण्यासाठी रॉकफेलर विद्यापीठाला साडेसात लाख डॉलर दिले. मुद्दाम लिहून ठेवलं, कारण ‘आपल्या पत्राने काय होणार’ हे वाक्य गटात दर बैठकीला येतं.

आता पर्याय आहेत. माणसाच्या पेशींपासून वाढवलेली कातडी, तशीच बुबुळाची पातळ चकती, त्यावर थेंब टाकून पेशी किती तगतात ते मोजायचं. पण आणखी एक मान्य पद्धत आहे, तिच्यात कत्तलखान्यातून आणलेल्या गाईबैलांच्या डोळ्यांचं बुबुळ वापरतात. आणि प्रयोगशाळेत पेशी वाढवायला बऱ्याचदा गाईच्या गर्भातल्या वासराच्या रक्ताचा सीरम लागतो. हे ऐकून जैन काका उठून पाण्याच्या टाकीपर्यंत गेले आणि परत आले. म्हणाले, “मग सुटका कुठे आहे?”

भाची म्हणाली, “काका, कत्तलखान्यात तो प्राणी चाचणीसाठी मारलेला नसतो. जिवंत सशापेक्षा ते बरंच पुढे आलंय.” काकांना पटलं नाही. मला पटलं. दोघांची मतं वहीत आहेत.

जाता जाता तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, “मावशी, गोळ्या-औषधांना हा रकाना लावू नकोस हं.” ते मी आधीच ठरवलं होतं. मार्च २०२३ पासून नव्या औषधांच्या नियमांतही प्राण्यांशिवायच्या पद्धतींना जागा दिली आहे, पण तो रस्ता लांबचा आहे. कोणाच्या बीपीच्या गोळीवर गटाने मत देऊ नये.

२८ सप्टेंबर

आज कडाक्याचं भांडण. विषय डासांचं रिफिल.

कीटकनाशक कायदा १९६८ चा. त्याखाली नोंदणी झाल्याशिवाय कॉइल, रिफिल, स्प्रे काहीच विकता येत नाही, आणि नोंदणीसाठी विषारीपणाची माहिती द्यावी लागते, जी प्राण्यांवरच्या चाचण्यांतून येते. म्हणजे इथे चांगली कंपनी, वाईट कंपनी हा प्रश्नच उद्भवत नाही. नोंदणी क्रमांक असलेला कोणताही माल घ्या, त्याच्या फाइलमध्ये उंदीर आहेतच. जैन काकांचं म्हणणं, मग रिफिल यादीतून काढा. सी विंगच्या वहिनींच्या मुलाला मागच्या वर्षी डेंग्यू झाला होता. त्या काकांना जे म्हणाल्या ते वहीत लिहिण्यासारखं नाही.

माझा कौल वहिनींच्या बाजूने. रिफिल यादीत राहील, रकान्यात ‘हो’ असं स्वच्छ लिहून. सोबत खिडक्यांच्या जाळ्या गटातर्फे घाऊक भावाने घ्यायच्या, आणि कुंड्यांखालच्या ताटल्या व गच्चीवरचे ड्रम दर आठवड्याला उपडे करायचे. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो, त्यामुळे रात्रभर रिफिल जाळून तसाही अर्धाच उपयोग.

त्या ओघात उंदरांच्या चिकट पुठ्ठ्यांचा विषय निघाला. प्रयोगशाळेतल्या उंदरासाठी गळा काढणाऱ्या दोन घरांत मागच्या दाराशी हा पुठ्ठा आहे. त्यावर उंदीर दोन-दोन दिवस जिवंत चिकटून राहतो. प्राणी कल्याण मंडळाने या पुठ्ठ्यांविरुद्ध राज्यांना लिहिलेलं आहे. यादीतून तो एकमताने गेला. पिंजरा परत आला, तारेचा, भद्रकालीत मिळतो तो.

१४ ऑक्टोबर

निफाडला मामांकडे. द्राक्षबागेची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, उरकली आहे, वेलींचे डोळे फुटायला लागलेत, मामा डाऊनी या बुरशीरोगाच्या धास्तीने आभाळाकडे बघतायत. फवारणीचं सामान शेडमध्ये पत्र्याच्या कपाटात असतं. मी सहज एक डबा उचलला.

प्रत्येक डब्यावर चौकोनात उभा केलेला दुरंगी शंकरपाळा असतो, त्याचा खालचा त्रिकोण रंगीत. लाल, पिवळा, निळा, हिरवा. शेतकऱ्याच्या पोरालाही तो ठाऊक असतो : लालला हात लावायचा नाही, हिरवा त्यातल्या त्यात बरा. हा रंग ठरतो कशावर? एलडी-५० वर. चाचणीतले निम्मे प्राणी ज्या मात्रेला मरतात ती मात्रा, शरीराच्या दर किलो वजनामागे मिलिग्रॅममध्ये. तोंडावाटे ५० पर्यंत असेल तर लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५००० पर्यंत निळा, त्यापुढे हिरवा. लालवर कवटी आणि हाडं. ट्रेव्हन नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९२७ मध्ये ही मोजणी मांडली. जुन्या पद्धतीत एका आकड्यासाठी पुष्कळ प्राणी लागत. ओईसीडी या देशांच्या संघटनेने ती २००२ मध्ये आपल्या यादीतून काढली आणि कमी प्राण्यांत भागणाऱ्या पद्धती ठेवल्या.

मामांना सांगितलं. ते म्हणाले, “अगं, पण हा रंग नसता तर आमचे गडी किती गेले असते?” मी काही बोलले नाही, कारण खरं आहे. जी माहिती उंदराच्या जिवावर आली तिने याच शेडमध्ये माणसं वाचवली आहेत. मामांचा माल युरोपला जातो. जो युरोप प्राण्यांवर तपासलेली लिपस्टिक विकू देत नाही, तोच द्राक्षावरच्या औषधाचा अंश मोजतो, आणि रोज किती अंश पोटात गेला तर चालेल हा आकडा ठरतो प्राण्यांना महिनोन् महिने ते खाऊ घालून. फेसवॉश आणि बुरशीनाशक एका मापाने मोजता येणार नाही, हे मला त्या कपाटासमोर उभं राहून जेवढं कळलं तेवढं पार्किंगमधल्या बैठकांत कळलं नव्हतं. दुसऱ्या जातीचा शाम्पू घ्यायचा की नाही हे आपल्या हातात आहे. मामांना फवारणी सोडता येत नाही. ते फार तर वेळापत्रक सोडून, झाड बघून फवारतात, आणि तेवढं ते करतात. दोन फवारण्या त्यांनी बोर्डोवर, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या मिश्रणावर भागवल्या.

मामींनी बेदाण्याची पिशवी दिली, गटात वाटायला.

२२ ऑक्टोबर

दिवाळीची यादी आज शेठजींकडे गेली. उटणं दहीपुलाजवळच्या काष्ठौषधीवाल्याकडून सुटं घेतलं : आंबेहळद, नागरमोथा, कपूरकाचरी, वाळा, दळून आणलं. इथे रकान्याची भानगडच नाही. रिठे-शिकेकाईही घेतली, पण पुडीवर ‘डोळे मिटून’ अशी चिठ्ठी लावली. रिठ्याचं पाणी डोळ्यात गेलं की काय होतं हे कळायला कोणत्याही सशाची गरज नाही. घरगुती म्हणजे निरुपद्रवी, असं समजणाऱ्यांसाठी ती चिठ्ठी.

दिवाळीचा गोल चंदनी साबण यादीत राहिला. त्यावर कोणी चर्चाच होऊ दिली नाही. त्याच्या रकान्यात ‘उत्तर नाही’ आहे.

पेस्ट बदलली. शाम्पू बदलला, बाटलीमागे चाळीसेक रुपये जास्त पडतात. तीन घरांनी जुनाच मागितला, त्यांना जुनाच दिला. भांड्यांची वडी तीच राहिली, कारण पर्याय मिळाला त्याने कढईचं तेल निघेना. पार्लरवाल्या वहिनींनी काजळ आणि लिपस्टिक सशाची आणि सीआय ७५४७० नसलेली शोधून काढली, आता गिऱ्हाइकं त्यांना तो आकडा विचारतात.

ज्यांचं उत्तर आलं नाही त्यांना दुसरं पत्र दिवाळीनंतर, या वेळी स्पीड पोस्टाने. जैन काकांनी पाकिटांचा खर्च स्वतः करायचं कबूल केलंय. त्यांना सुभाषित मात्र अजून टाकायचंय.